जुन्या डेस्कटॉपवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम, जुन्या डिस्कला धक्का न लावता

कऱ्हाडला मावशीकडे एक डेस्कटॉप आहे. २०१२ साली तिथल्याच एका दुकानातून जोडून घेतलेला. सेकंड जनरेशनचा आय-थ्री प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज ७. काका निवृत्त शिक्षक, सोसायटीचे सचिव. दहा-बारा वर्षांची इतिवृत्तं, पत्रव्यवहार, नातवंडांचे फोटो, सगळं त्यातच. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा काका बटण दाबून चहा ठेवायला जायचे आणि चहा पिऊन झाला तरी स्क्रीनवर गोल फिरतच असायचं. बँकेची साइट तर उघडेचना. "भंगारवाल्याला देऊन टाकू का रे?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी दोन दिवस मागून घेतले.

त्या दोन दिवसांत जे केलं तेच इथे क्रमाने लिहितो. ज्यांनी आजवर कधी फॉरमॅट मारलेला नाही, सीपीयूचं झाकण उघडलेलं नाही, त्यांच्यासाठी हे आहे. घाई केली नाही तर यातलं काहीही अवघड नाही.

आधी कोणती सिस्टिम ते ठरवा

विंडोज ७ ला सुरक्षा अपडेट मिळणं १४ जानेवारी २०२० ला थांबलं. विंडोज १० चं १४ ऑक्टोबर २०२५ ला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवल्यास त्यापुढे एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत, वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात. ती फक्त मुदतवाढ आहे. विंडोज ११ ला मायक्रोसॉफ्टच्या अटींप्रमाणे टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा. या अटी चुकवून विंडोज ११ टाकायचे मार्ग आहेत, पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. कोअर टू ड्युओ या आणखी जुन्या प्रोसेसरवर तर विंडोज ११ ची २०२४ ची आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही आज्ञा त्या प्रोसेसरला कळतच नाहीत.

म्हणून माझी निवड लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम, तीही एक्सएफसीई डेस्कटॉपची आवृत्ती (डेस्कटॉप म्हणजे इथे स्क्रीनवरची मांडणी, मिंटमध्ये ती तीन प्रकारांत मिळते). मिंट फुकट आहे, खाली टास्कबार आणि डाव्या कोपऱ्यात मेन्यू असल्यामुळे विंडोज वापरलेल्या माणसाला बावचळायला होत नाही, आणि तिन्ही डेस्कटॉपपैकी एक्सएफसीई सर्वांत हलका. सध्याची २२ मालिका उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स सिस्टिमवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. किमान गरज २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा. प्रत्यक्षात ४ जीबीच्या खाली जाऊ नका. ब्राउझरच सगळी रॅम खातो.

प्रोसेसर ६४ बिटचा हवा, एवढं मात्र तपासा. २००६ नंतरचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर तसे आहेत. विंडोजवर ३२ बिट असं लिहिलेलं दिसलं तरी घाबरू नका. ते विंडोजबद्दल असतं, आतला प्रोसेसर अनेकदा ६४ बिटचा निघतो.

आणि थांबायचं कधी, तेही सांगतो. टॅली, श्रीलिपी किंवा डिजिटल सहीच्या टोकनवर तुमची रोजीरोटी चालत असेल तर हा लेख वाचा, पण त्या मशीनवर प्रयोग करू नका. टॅली आणि श्रीलिपी ही विंडोजवर चालणारी सॉफ्टवेअर आहेत, आणि टोकनचं मिंटवर जमतं का हे ज्याच्याकडून ते घेतलं त्यालाच आधी विचारायला हवं. प्रिंटरचंही तसंच. काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर जाम त्रास देतात. मॉडेल नंबर घेऊन आधी शोध घ्या. पुढे पेनड्राइव्हवरून मिंट चालवून पाहाल तेव्हाही प्रिंट देऊन बघता येईल.

डेटा: इथे अर्धा दिवस घालवा

काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या वडिलांचं मशीन मी फॉरमॅट केलं. डी ड्राइव्ह पूर्ण कॉपी केला होता, डेस्कटॉपवरचे फोल्डर घेतले होते. त्यांचा हिशेबाचा प्रोग्रॅम मात्र आपला डेटा सी ड्राइव्हमध्ये स्वतःच्याच फोल्डरात ठेवत होता. तीन वर्षांचे हिशेब गेले. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: नवीन एसएसडी (म्हणजे फिरता भाग नसलेली, वेगवान डिस्क) आणायची, तिच्यावर नवी सिस्टिम टाकायची आणि जुनी हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवायची. तिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही. मग विसरलेलं फोल्डर महिन्याने आठवलं तरी ते जागच्या जागी असतं.

याचा दुसरा फायदा वेगाचा. जुना डेस्कटॉप रखडतो तो बहुतेक वेळा प्रोसेसरमुळे नाही, फिरणाऱ्या डिस्कमुळे. २४० किंवा २५६ जीबीची साधी अडीच इंची साटा एसएसडी पुरते (साटा म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडायचा प्रकार). एच-६१ बोर्डाचे साटा पोर्ट ३ गिगाबिटचे, म्हणजे सेकंदाला ३०० एमबीच्या वर जाणार नाहीत. तेव्हा महागडी, वेगवान एसएसडी घेऊन उपयोग नाही. रॅमचा एक खाचा रिकामा असेल तर ४ जीबीची डीडीआर-३ पट्टी टाकून ८ जीबी करा. दुकानात 'डेस्कटॉपची' असं स्पष्ट सांगा, लॅपटॉपची पट्टी आखूड असते आणि बसत नाही.

जुनी डिस्क सुरक्षित असली तरी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढाच. बारा वर्षांची डिस्क कधी मान टाकेल सांगता येत नाही. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो, ब्राउझरचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड, आउटलुक वापरत असाल तर त्याची मेलची फाइल. कॉपी झाली की ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाच-सहा फाइल उघडून बघा. नुसती नावं दिसणं म्हणजे बॅकअप नव्हे.

आता खास आपल्या मराठी माणसांचा प्रश्न. काकांची २०१८ पर्यंतची इतिवृत्तं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणाऱ्या आजच्या पद्धतीत, नाहीत, जुन्या फॉन्टमध्ये आहेत. अशा फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचे संकेत साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट नसला की 'सभा' या शब्दाच्या जागी अगम्य इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. तेव्हा विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातून ते जुने फॉन्ट आठवणीने बॅकअपमध्ये घ्या. मिंटवर फॉन्टच्या फाइलवर डबल क्लिक करून तो बसवता येतो आणि लिबरऑफिस या वर्डसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्या जुन्या फाइल पुन्हा मराठीत वाचता येतात. महत्त्वाच्या फाइल विंडोज चालू आहे तोवर पीडीएफ करून ठेवल्यात तर आणखी बरं.

पेनड्राइव्ह तयार करा

किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागेल. त्यावर जे असेल ते पुसलं जाणार आहे. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून एक्सएफसीई आवृत्तीची, २२ मालिकेतली सर्वांत नवी आयएसओ फाइल, म्हणजे पूर्ण सिस्टिम एकाच फाइलमध्ये, उतरवा. साधारण ३ जीबीची असते.

उतरवलेली फाइल अस्सल आहे का हे तपासायचा कंटाळा करू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटचं संकेतस्थळ फोडून चोरांनी आयएसओच्या दुव्याजागी चोरवाट असलेली बनावट फाइल लावली होती. संकेतस्थळावर प्रत्येक आयएसओसोबत शा-२५६ नावाची लांबलचक आकडे-अक्षरांची ओळ दिलेली असते. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून तीच ओळ काढता येते. दोन्ही ओळी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. एकही अक्षर वेगळं असेल तर फाइल टाकून द्या आणि पुन्हा उतरवा.

मग बलेना एचर किंवा रुफस यांपैकी एक प्रोग्रॅम घ्या. आयएसओ निवडा, पेनड्राइव्ह निवडा, सुरू करा. इथे चुकून बॅकअपची डिस्क निवडली जाऊ नये म्हणून ती आधीच काढून ठेवा.

सीपीयू उघडा

प्लग काढा. काढल्यावर पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. सीपीयू आडवा ठेवा, डाव्या बाजूचं झाकण उघडा आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरते. काहीही हलवण्याआधी मोबाइलवर आतले फोटो काढा. कोणती वायर कुठे होती हे नंतर तेच सांगतात.

काकांच्या मशीनमध्ये प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची गादीच बसली होती, राखाडी, नमद्यासारखी. पंखा फिरत होता पण हवा जायला फटच नव्हती. रंगकामाचा कोरडा ब्रश घ्या, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि हळूहळू धूळ मोकळी करा. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी पिना खोडरबराने हलकेच घासा, फुंकर न मारता ब्रशने कण झटका आणि 'टक' आवाज येईपर्यंत परत बसवा. मशीन चालू होताना बीप-बीप करत अडणं अनेकदा एवढ्यानेच थांबतं.

मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल दिसेल. त्यावर सीआर-२०३२ लिहिलेलं असतं, ३ व्होल्टचा. तो बदलाच. बँकेची साइट न उघडण्याचं अर्धं कारण काकांकडे हा सेल होता. तो संपल्यामुळे प्लग काढला की घड्याळ मागे जायचं, तारीख कित्येक वर्षं जुनी व्हायची आणि साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला चुकीचं वाटायचं. ब्राउझर जुना होता हे खरं, पण या सेलकडे बारा वर्षांत कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. अधिकची बाजू वर ठेवून नवा सेल बसवा.

आता जुन्या हार्ड डिस्कच्या दोन्ही वायरी काढा, एक डेटाची, एक पॉवरची. त्याच वायरी एसएसडीला लावा. खाच इंग्रजी एल अक्षरासारखी असते, उलटी बसत नाही, जोर लावू नका. अडीच इंची डिस्कसाठी कॅबिनेटमध्ये जागा नसेल तर प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधली तरी चालते, तिच्यात हलणारं काही नसतं.

जुनी डिस्क कागदात गुंडाळा, वर तारीख लिहा, कपाटात ठेवा. दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून इन्स्टॉल करायचा मोह टाळा. चुकीची डिस्क पुसली जाण्याचा धोका आहेच. शिवाय सिस्टिम सुरू करून देणारा बूटलोडर कधीकधी दुसऱ्याच डिस्कवर जाऊन बसतो आणि मग एक काढली की दुसरी चालत नाही.

एसएसडी घेणं शक्यच नसेल तर जुन्या डिस्कवर इन्स्टॉल करता येतं. पण मग बॅकअपच्या दोन प्रती काढा, वेगवेगळ्या ठिकाणी.

बायोसमध्ये तीन गोष्टी

पेनड्राइव्ह मागच्या बाजूच्या यूएसबी पोर्टला लावा. पुढचे पोर्ट जुन्या कॅबिनेटमध्ये बऱ्याचदा ढिले झालेले असतात. चालू करताच डिलीट किंवा एफ-२ टपटप दाबत राहा, बायोस, म्हणजे मदरबोर्डची स्वतःची सेटिंग्ज, उघडेल. तिथल्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, मग हे करा.

१. तारीख आणि वेळ बरोबर लावा.

२. साटा मोड (मदरबोर्ड डिस्कशी कसा बोलतो ती पद्धत) आयडीई असेल तर एएचसीआय करा. एसएसडीला तोच योग्य. मात्र मूळ सेटिंग लिहून ठेवा, कारण जुन्या डिस्कवरचं विंडोज पुन्हा कधी चालवायचं झालं तर ते मूळ सेटिंगवरच सुरू होईल, नाहीतर निळी स्क्रीन येईल.

३. बूट क्रमात, म्हणजे सिस्टिम आधी कुठून सुरू करायची त्या यादीत, यूएसबी पहिला करा. किंवा चालू होताना बूट मेन्यूची कळ दाबा. डेल, लेनोव्हो आणि गिगाबाइटवर बहुधा एफ-१२, एचपीवर एफ-९, आसुसच्या बोर्डावर एफ-८, एमएसआयवर एफ-११.

आधी चालवून बघा, मग बसवा

मिंटचं हे मला सर्वांत आवडतं: पेनड्राइव्हवरूनच पूर्ण डेस्कटॉप सुरू होतो, डिस्कवर काही न लिहिता. सुरू होताना स्क्रीन काळी पडली तर रीस्टार्ट करून मिंटच्या सुरुवातीच्या मेन्यूतला 'कंपॅटिबिलिटी मोड' निवडा, जुन्या ग्राफिक्स कार्डांना तो लागतो. डेस्कटॉप आला की आवाज येतो का, माउस-कीबोर्ड, प्रिंटर, स्क्रीनचा आकार हे सगळं तपासा. डेस्कटॉपला वायफाय नसेल तर मोबाइल यूएसबी वायरने जोडा आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंट ते लगेच ओळखतं. काकांकडे इन्स्टॉल आणि पुढची सगळी अपडेट मी अशीच केली. पेनड्राइव्हवरून सगळं थोडं हळू चालतं, त्यावरून मत बनवू नका.

सगळं जमतंय म्हटल्यावर डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल' आयकॉनवर डबल क्लिक करा. त्याआधी लाइटचा विचार करा. मध्येच लाइट गेली तर एसएसडी सहसा बिघडत नाही, पण इन्स्टॉल पहिल्यापासून करावं लागतं. यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर ज्या वेळी लाइट जात नाही अशी वेळ निवडा. आमच्याकडे ती पहाटेची होती.

भाषा विचारेल. मराठी निवडता येते, पण भाषांतर सगळीकडे पूर्ण नाही. अडचण आली तर शोधायला इंग्रजी मेन्यूची नावं उपयोगी पडतात, म्हणून मी मेन्यू इंग्रजीत ठेवतो आणि टायपिंग मराठीत. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत खूण करा, नाहीतर काही गाणी-व्हिडिओ चालणार नाहीत. मग येतो तो प्रश्न ज्याला सगळे घाबरतात: डिस्क पूर्ण पुसून इन्स्टॉल करायचं का? एकच नवी डिस्क जोडलेली आहे, तेव्हा निर्धास्तपणे हो म्हणा. तरीही पुढच्या चौकटीत डिस्कचा आकार वाचा. तो तुमच्या एसएसडीएवढा, २४० किंवा २५६ च्या आसपास, दिसला पाहिजे. टाइम झोनमध्ये कोलकाता, मग नाव आणि पासवर्ड. पासवर्ड वहीत लिहून ठेवा, तो प्रत्येक अपडेटला लागतो. वीस-पंचवीस मिनिटांत काम संपतं. पेनड्राइव्ह काढायला सांगेल, काढा आणि एंटर दाबा.

पहिल्या दिवशीची कामं

अपडेट मॅनेजर उघडून सगळी अपडेट घ्या. ड्रायव्हर मॅनेजर एकदा पाहा, वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर तिथे पर्याय दिसेल. टाइमशिफ्ट सुरू करून सिस्टिमची पहिली प्रत काढा, पुढे एखाद्या अपडेटने गडबड केली तर त्या दिवसावर परतता येतं. हे तुमच्या फाइलींचा बॅकअप घेत नाही, सिस्टिमचा घेतं.

मराठी टायपिंगसाठी सेटिंग्जमधल्या कीबोर्डमध्ये जाऊन लेआउटच्या यादीत भारतातलं मराठी शोधा. इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी येत असेल तर तीच घ्या. काकांच्या बोटांना टाइपरायटरची सवय, त्यांना इनस्क्रिप्ट शिका म्हणणं मला जमलं नसतं. त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन हे टायपिंगचं सॉफ्टवेअर घेतलं, त्यात मराठी रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरची मांडणी, आहे. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांसाठी त्यातच मिंग्लिशही आहे. अक्षर सुबक हवं असेल तर मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता फॉन्ट फुकट मिळतो, इतिवृत्ताला छान दिसतो.

मग बाहेरच्या डिस्कवरून फाइल आणा. लिबरऑफिसमध्ये वर्डच्या फाइल उघडतात, तक्ते कधी थोडे सरकतात. ज्या फाइल दुसऱ्यांना विंडोजवर पाठवायच्या त्या सेव्ह करताना वर्डचाच प्रकार निवडा.

घरच्या माणसांना काय कुठे आहे ते शांतपणे दाखवा. मी काकांसाठी पॅनलवर चारच आयकॉन ठेवले: ब्राउझर, कागदपत्रांचं फोल्डर, लिबरऑफिस रायटर आणि बंद करायचं बटण. मावशीने पाचवा मागितला, फोटोंचा.

कपाटातली डिस्क

किमान एक महिना तिला तशीच राहू द्या. या महिन्यात जे जे 'अरे ते कुठे गेलं' म्हणून आठवेल ते वहीत टिपा. मग सीपीयू बंद करून, प्लग काढून, ती दुसऱ्या साटा वायरने जोडा. ही वायर बहुधा वेगळी घ्यावी लागते. बूट क्रमात एसएसडीच पहिली ठेवा. मिंटमध्ये जुने सी आणि डी ड्राइव्ह साध्या फोल्डरसारखे उघडतात. हवं ते कॉपी करून घ्या. एखादा ड्राइव्ह फक्त वाचायलाच उघडला तर काळजी नको, कॉपी करायला तेवढं पुरतं.

काकांच्या वहीत दोन नोंदी होत्या. एक, २०१५ च्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त. ते सी ड्राइव्हमध्ये एका तात्पुरत्या फोल्डरात सापडलं. मी बॅकअप घेतलेल्या एकाही फोल्डरात ते नव्हतं. दुसरी, मावशीच्या आईच्या आवाजातल्या ओव्यांची, जुन्या मोबाइलवर केलेली ध्वनिफीत. ती शोधायला संध्याकाळ गेली. 'न्यू फोल्डर ३' मध्ये होती. त्या रात्री तिच्या तीन प्रती झाल्या: एसएसडीवर, बाहेरच्या डिस्कवर आणि माझ्या फोनमध्ये.